बीम गेला, निघतो मी!

खरं सांगायचं तर इंदूरला मी गेले होते ती खायला. एक फूड पीस करायचा होता. पोहे-जलेबी, सराफ्यातलं भुट्टे का कीस, थंडीतला गराडू, सगळा ठरलेला मेन्यू. फ्रीलान्सरसाठी असली असाइनमेंट म्हणजे लॉटरीच. त्यात सख्ख्या मावशीचं घर इंदूरला, म्हणजे हॉटेलचा खर्च शून्य. (हे वाक्य लिहिताना किती बरं वाटतं, ते फक्त फ्रीलान्सरलाच कळेल.)

तर जानेवारीतली रात्र. साडेअकरा वाजलेले. सराफ्यात पाय ठेवायला जागा नाही. माझ्या एका हातात द्रोण, दुसऱ्या हातात मोबाइल, फोटो चाललेत. आणि शेजारी उभ्या असलेल्या दादाचा, म्हणजे माझ्या मावसभावाचा, फोन वाजला.

"कधी? ... करंट किती होता? ... बरं. येतो."

फोन खिशात टाकून तो मला म्हणाला, "बीम गेला. निघतो मी. तू खा आरामात, रिक्षा करून दिली की झालं."

"बीम? कुठल्या बिल्डिंगचा?"

"बिल्डिंगचा गेला असता तर पळालो असतो ना गं," असं म्हणून तो हसला आणि खरंच गेला.

घरी आले तर मावशी जागी. "गेला ना ह्याचा बीम? मला वाटलंच. आठवड्याचं हे आहे. कधी बीम जातो, कधी बीम हलतो. लग्नाच्या बोलणीला बसलो होतो, तेव्हा पण हलला होता."

दादा काय करतो, हे आमच्या अख्ख्या खानदानात कोणालाच धड माहीत नाही. 'सायंटिस्ट आहे, कॅटमध्ये असतो' एवढंच. कॅट म्हणजे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राचं जुनं नाव. 2005 साली नाव बदललं, पण जुन्या इंदूरकरांच्या तोंडी अजून कॅटच आहे. मी मास कॉम केलंय. फिजिक्सशी माझं नातं बारावीच्या निकालाच्या दिवशी संपलं, दोन्ही बाजूंनी समजुतीने. त्यामुळे दुसऱ्या दिवशी दुपारी दादा झोपून उठल्यावर मी त्याला चहा दिला आणि विचारलं, "हा बीम नक्की असतो तरी काय?" तेव्हा मनात फक्त एक चांगला कोट मिळवायचा, इतकाच हेतू होता.

त्याने पोह्याच्या रिकाम्या प्लेटच्या कडेवरून बोट फिरवलं. "ही रिंग. इंडस-2. घेर 172 मीटर. आत एक पाइप, त्यातली हवा जवळजवळ सगळी काढलेली. त्यात इलेक्ट्रॉन फिरतात."

किती जोरात? प्रकाशाच्या वेगाला टेकून. म्हणजे एका सेकंदात सुमारे 17 लाख 38 हजार फेऱ्या. तुम्ही हे वाक्य वाचून संपवेपर्यंत कितीतरी लाख झाल्या. वळणावर चुंबक त्यांना वळवतात, आणि वळताना इलेक्ट्रॉन प्रकाश सोडतात, एक्स-रेसुद्धा. तो प्रकाश हाच खरा माल! वेगवेगळ्या पदार्थांच्या आत डोकावायला शास्त्रज्ञ तो वापरतात. आणि हा प्रवाह तासन्‌तास साठवून ठेवायचा असतो, म्हणून नाव स्टोरेज रिंग.

"मग यात तुझं काम काय?"

"बीमची तब्येत बघणं."

मला हे उत्तर फार आवडलं. पण पुढचा प्रश्न असा की बघणार कसं? 100 मिलिअँपिअर करंट असतो तेव्हा रिंगमध्ये सुमारे 36 हजार कोटी इलेक्ट्रॉन असतात, आणि तरी त्या सगळ्यांची जाडी मिलिमीटरभरही नाही. बरं, पाइपमध्ये हात घालायची सोय नाही. काहीही मध्ये आलं की खेळ खलास.

दादा म्हणाला, "रात्री अंधारात डास कुठे आहे ते तुला कसं कळतं?"

"कानाशी गुणगुणला की."

"उजव्या कानाशी जास्त आवाज आला, तर डास उजवीकडे. बस! पाइपला चार बाजूंना चार बटणं लावलेली असतात. शर्टाच्या बटणासारखीच, धातूची. बीम जवळून गेला की प्रत्येकात छोटासा विजेचा झटका उमटतो. ज्या बटणाच्या जवळून गेला त्यात जास्त. चारांची वजाबाकी-भागाकार केला की बीम मध्यापासून किती सरकलाय ते कळतं, केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक. अशा जागा रिंगभर असतात."

म्हणजे बीमला हात न लावता, तो जाताना त्याचा कानोसा घ्यायचा. इथपर्यंत माझ्या आर्ट्सच्या डोक्यालाही झेपलं.

पण खरी मजा पुढे आहे. सरळ शहाण्यासारखं गोल फिरणं इलेक्ट्रॉनच्या स्वभावात नाही. ठरलेल्या रस्त्याच्या आजूबाजूला ते झुलत जातात, दारू पिऊन बाइक चालवणाऱ्यासारखे. उपमा माझी, दादाला आवडलेली नाही. चुंबक त्यांना पुन्हा पुन्हा मध्याकडे ओढतात, म्हणून झुलणं आटोक्यात राहतं. एका फेरीत किती वेळा झुलले, त्या आकड्याला म्हणतात ट्यून. इंडस-2 मध्ये आडव्या दिशेने हा आकडा नऊ पूर्णांक काहीतरी. आणि सगळा जीव त्या 'काहीतरी'त.

का, ते दादाने मावशीच्या झोपाळ्यावर दाखवलं. मावशी वाटाणे सोलत बसली होती. तिने होकार दिला नव्हता, हे नोंदवून ठेवते.

झोपाळा मागे आला की हलका धक्का. परत आला की परत धक्का. धक्का बोटभर, पण दर वेळी नेमक्या त्याच क्षणी. आठ-दहा धक्क्यांत मावशी वाटाण्यांसकट अशी काही वर गेली की बास! "अरे मेल्या, थांबव!"

"हा पूर्णांक ट्यून," दादा म्हणाला. एका फेरीत बरोब्बर नऊ वेळा झुलला, तर बीम दर फेरीला त्याच जागी त्याच अवस्थेत येतो. रिंगमधल्या एखाद्या चुंबकात रतीभर चूक असेल, तर ती चूक दर वेळी त्याच बाजूला ढकलते. सेकंदाला 17 लाख वेळा! संपला बीम, भिंतीवर. अर्धा असला तरी धोका. एक तृतीयांश, एक चतुर्थांश, त्यांचेही आपापले त्रास. म्हणून अपूर्णांक असा निवडायचा की आधीच्या धक्क्याला पुढचा धक्का काटत राहील. मग त्याने वाटेल तसे, अवेळी धक्के दिले, तर झोपाळा नुसता कुरकुरला आणि जागच्या जागी डुलत राहिला.

चूक शून्य करता येत नाही. फक्त ती साठू द्यायची नाही. दादा हे अगदी सहज बोलून गेला. माझा चहा मात्र तिथेच गार झाला.

आता हा ट्यून मोजायचा कसा? तर माठ घेताना आपण मोजतो तसा. टिचकी मारून! एका झटपट चुंबकाने बीमला पिटुकली टिचकी मारायची आणि मग तो कोणत्या सुरात थरथरतो ते बटणांवर ऐकायचं. गंमत म्हणजे एकाच जागी ऐकलंत तर फक्त अपूर्णांक ऐकू येतो. ते पूर्ण नऊ झोके तिथे दिसतच नाहीत, कारण ते तुमच्या पाठीमागे, उरलेल्या रिंगमध्ये होऊन गेलेले असतात. ते मोजायचे तर रिंगभरच्या बटणांचं एकत्र बघावं लागतं.

टिचकीनंतरचा सूर हळूहळू विरत जातो. मला वाटलं, झुलणं थांबलं. दादा म्हणाला, नाही, थांबलं असंच काही नाही. नाटक संपल्यावर टाळ्या आठव. सुरुवातीला एकदा सगळ्यांची लय जुळते, मग प्रत्येकाचा वेग जरा वेगळा म्हणून विस्कटते, टाळ्या मात्र चालूच. इलेक्ट्रॉनांचंही तेच. प्रत्येकाचा ट्यून केसभर वेगळा. बटणाला सगळ्यांची सरासरी ऐकू येते, आणि सरासरी शांत झाली म्हणजे आतले सगळे शांत झाले असं नव्हे. (आमच्या जुन्या ऑफिसचा ॲन्युअल एम्प्लॉयी सर्व्हे आठवला. असो.)

माझ्या डोक्यात मात्र एव्हाना वेगळंच काहीतरी सुरू झालं होतं. मी विचारलं, "दादा, हे तेच ना... जग बुडणार होतं ते मशीन?"

10 सप्टेंबर 2008. मी सहावीत होते. आदल्या रात्री टीव्हीवर दर चॅनेलला पृथ्वी फुटत होती. काळं विवर, लाल अक्षरं, उलटं घड्याळ. जिनिव्हाजवळच्या जमिनीखालच्या 27 किलोमीटरच्या बोगद्यात उद्या मशीन चालू होणार आणि मग... प्रश्नचिन्ह. मी त्या रात्री आईच्या कुशीत झोपले, गणिताच्या टेस्टचा अभ्यास न करता. जगच नाही तर टेस्ट कुठली! सकाळी जग होतं, आणि टेस्टही.

त्याच दिवसांत एक बातमी आली होती. मध्य प्रदेशातल्याच एका सोळा वर्षांच्या मुलीने जीव दिला. टीव्हीवरचं हे सगळं बघून ती घाबरली होती, असं घरच्यांनी सांगितल्याचं छापून आलं होतं. मला ती बातमी खूप नंतर, कॉलेजात, मीडिया एथिक्सच्या लेक्चरला कळली. परीक्षेत मी त्यावर उत्तरही लिहिलं. दहापैकी आठ.

दादा जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्या दिवशी तिथे टक्कर होणारच नव्हती, माहितीये तुला?"

मला माहीत नव्हतं. अठ्ठावीस वर्षांची पत्रकार मी, आणि मला हे माहीत नव्हतं!

त्या दिवशी त्यांना बीम एकदा पूर्ण फिरवायचा होता, बस. एकेका भागात सोडायचा, पडद्यावर ठिपका बघायचा, सरळ करायचा, पुढच्या भागात जाऊ द्यायचा. तिथल्या सकाळी 10 वाजून 28 मिनिटांनी पहिली फेरी पूर्ण झाली, आणि कंट्रोल रूममधल्या स्क्रीनवर दोन ठिपके दिसले. एक जातानाचा, एक फेरी मारून आल्याचा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या त्या त्या दोन ठिपक्यांना. नऊच दिवसांनी दोन चुंबकांमधल्या जोडात बिघाड होऊन हेलियम गळलं आणि मशीन वर्षाहून जास्त बंद राहिलं. पहिल्या टकरी झाल्या त्या नोव्हेंबर 2009 मध्ये. तोवर टीव्हीवरची उलटी घड्याळं केव्हाच दुसऱ्या कशाला तरी लावून झाली होती.

मग दादाने, बहुधा माझं तोंड बघून, त्याच बोगद्यातल्या जुन्या मशीनच्या गोष्टी सांगितल्या. 1989 ते 2000 तिथे लेप नावाची रिंग चालायची. झेड नावाच्या कणाचं वस्तुमान अतिशय बारकाईने मोजायचं होतं, त्यासाठी बीमची ऊर्जाही तितकीच बारकाईने कळायला हवी. आणि ती हलायची. दिवसातून दोनदा वर-खाली. कारण निघालं चंद्र! समुद्राला भरती येते तशी जमिनीलाही येते, आपल्याला जाणवत नाही एवढंच. तेवढ्याने 27 किलोमीटरचा घेर जेमतेम 1 मिलिमीटर बदलायचा. इलेक्ट्रॉनचा रस्ता ठराविक लांबीचाच राहतो, पण चुंबकं त्याच्याखालून सरकतात, आणि बीम मध्यातून न जाता जरा कडेने जातो. बटणांना ते लगेच कळतं. शेजारच्या जिनिव्हा सरोवराची पातळी बदलली तरी कळायचं.

तरी काहीतरी खुपत राहायचं. दिवसभर चुंबकांमध्ये बारीक कुरबूर, मध्यरात्रीनंतर काही तास एकदम शांत, पहाटे पुन्हा सुरू. 1995 मध्ये उलगडा झाला. पॅरिसची टीजीव्ही ट्रेन! रेल्वेचा थोडा विद्युतप्रवाह जमिनीत झिरपायचा आणि रिंगच्या पाइपमधून वाट काढायचा. खात्री कशी पटली? तर फ्रेंच रेल्वे संपावर गेली आणि त्या दिवशी कुरबूर गायब. आपल्याकडे संपाने लोकल बंद पडतात. तिकडे संपाने विज्ञानाचा प्रश्न सुटला.

आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट 1996 ची. शटडाउननंतर मशीन चालू केलं तर बीम पुढे जाईचना. एका ठराविक जागेपर्यंत ठीक, मग गायब. बटणांचे आकडे बघत बघत जागा शोधली, पाइप उघडला. आत बिअरच्या दोन रिकाम्या बाटल्या!

"कोणी ठेवल्या?"

"ते बटणांना कळत नाही," दादा म्हणाला.

त्याच रात्री परत निघायच्या आधी त्याने मला एक जुनी वही दाखवली. मध्ये तो दीड वर्ष युरोपातल्या एका छोट्या रिंगवर कामाला होता, तेव्हाची. तिथल्या सवयीने त्याने स्वतःसाठी लिहिलेली. मराठीतच, निळ्या शाईत. एका पानावर होतं, 'दुपारी ऑर्बिट सरकते. कारण माहीत नाही.' पुढच्या पानावर पुन्हा, 'सरकली. कारण माहीत नाही. पंप नव्हे.' मग, 'माहीत नाही. केबल नव्हे.' असं ओळीने तीन आठवडे. मग काळ्या शाईत, 'हॉलचं तापमान. पन्नास टक्के.' आणि त्याखाली, 'उरलेलं पन्नास माहीत नाही.'

हे लोक कारण शोधतात तरी कसं, हेही मी विचारलं होतं. तर एकेक चुंबक मुद्दाम किंचित बदलायचा, दर वेळी रिंगभरच्या सगळ्या बटणांवर काय झालं ते लिहायचं, आणि हजारो आकड्यांचा तो तक्ता कॉम्प्युटरमधल्या मॉडेलशी ताडून बघायचा. कुठे जुळत नाही ते हळूहळू एका चुंबकापर्यंत येऊन पोचतं. ब्रूकहेवनच्या जेम्स साफ्रानेकने 1997 मध्ये ही पद्धत नीट मांडली, जगभरच्या रिंगवर ती वापरतात. नाव लोको! मी हसले तर दादा म्हणाला, "तीन रात्री बसून बघ, नाव का पडलं ते कळेल." जुळलं नाही तर मॉडेल बदलायचं, कारण बीम खोटं बोलत नाही. इतपत समजलं. मॅट्रिक्स सुरू झाल्यावर मी मावशीला वाटाणे सोलायला गेले.

पुण्याला परतल्यावर मी दोन पीस लिहिले. खाण्याचा ठरलेल्या जागी गेला, छान आला. दुसरा दादाच्या रिंगवरचा, माझ्याच हौसेने. एका वेबसाइटला पाठवला. नाव लिहीत नाही, लिहिण्याची गरजही नाही. दोन दिवसांनी तिथून प्रीव्ह्यू आला. मजकूर माझाच होता, जवळजवळ जसाच्या तसा. वर हेडलाइन: 'इंदूरच्या पोटात दडलंय महाप्रलयाचं यंत्र?'

मी फोन केला. म्हटलं, हे खरं नाहीये. ते प्रकाश तयार करणारं यंत्र आहे, आतमध्ये सगळं तेच लिहिलंय.

"अगं, आत लिहिलंयस ना? मग झालं तर! आणि प्रश्नचिन्ह आहे की."

हो, होतं. त्याच जागी, तसंच. आणि मला तुमच्यापासून लपवायचं नाही, मी लगेच नाही म्हणाले नाही. महिनाअखेर होती. पाच तारखेला भाडं. बायलाइन होती, क्लिक्सप्रमाणे पैसे होते, आणि त्या हेडलाइनला क्लिक्स मिळाले असते. मी "विचार करून सांगते" म्हणाले आणि खरंच विचार केला, एक संध्याकाळ. एवढ्याशा धक्क्याने काय होणार, असंही वाटून गेलं. मग सहावीतली ती रात्र आठवली, आणि माझे दहापैकी आठ.

रात्री मेसेज टाकला की एकतर हेडलाइन बदला, नाहीतर लावू नका. उत्तर आलं, "ओके, नको मग." अंगठ्यासकट.

दादाला मी हे पंधरा दिवस सांगितलंच नाही. मग एका रविवारी फोनवर बोलताना सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मागे मावशीचा झोपाळा कुरकुरत होता.

"172 मीटर बरोबर लिहिलं होतंस ना?"

"हो रे."

"आणि ट्यून? नऊ पूर्णांक काहीतरी असंच लिहिलंस?"

"काहीतरीच लिहिलं. तू म्हणालास ना, सगळा जीव त्यातच..."

"थांब, फोन येतोय," तो म्हणाला. मला तेवढ्यात त्याचा चपला शोधण्याचा आवाज आला. "बीम गेला गं. नंतर बोलतो."